जमिनीत मुरलेले पाट

पुण्याच्या पश्चिमेला सुमारे 30 किलोमीटरवर, मुळा नदीच्या खोऱ्यात पौड आहे. मुळशी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. इथून ताम्हिणी घाटाकडे जावं तसा पाऊस वाढत जातो आणि घाटमाथ्यावर वर्षाला 6000 मिलिमीटरच्या आसपास पोचतो. पूर्वेची वाट धरली, तर पुण्यातच तो 700-750 मिलिमीटरवर येतो आणि शिरूर-दौंडच्या बाजूला जेमतेम 500च्या आसपास उरतो. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस बाराव्या हिश्श्यावर येतो.

नद्या मात्र पावसाचा हा हिशेब पाळत नाहीत. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा, घोड या सगळ्या घाटमाथ्याच्या आसऱ्याने उगम पावतात, पूर्वेला वाहतात आणि शेवटी भीमेला मिळतात. त्यामुळे शिरूरच्या शेतात थेंब पडलेला नसतानाही घोडनदी दुथडी भरून वाहू शकते. काठावरचं शिवार कोरडं आणि दहा-पंधरा हातांवर गढूळ पाण्याचा लोंढा, हे दृश्य या भागातल्या शेतकऱ्याने हजारो वर्षं पाहिलेलं आहे. भीमा खोऱ्यातलं जुनं सिंचन समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते. घाटावर पडलेल्या पाण्यावर कोणाचा हात पोचतो, हा इथला सगळ्यात जुना प्रश्न आहे. जमिनीत सापडणारे बांध आणि पाट ही त्याची निरनिराळ्या काळांतली उत्तरं आहेत.

पौडच्या उतारावर

पौडच्या आसपास पुरातन कालवा शोधत निघालेला माणूस बहुधा निराश होईल. पाऊसच एवढा, की पाणी लांबून आणायची गरज नव्हती. ते पळून जाऊ न देणं आणि त्याच्याबरोबर माती वाहून जाऊ न देणं, हे इथलं खरं काम. म्हणून मुळशीतल्या जुन्या सिंचनाची खूण कालव्याच्या रूपात दिसत नाही, ती खाचराच्या रूपात दिसते.

डोंगराच्या पायथ्याला पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरं नीट पाहिली, तर ती एकमेकांना जोडलेली पाण्याची यंत्रणा आहे हे लक्षात येतं. प्रत्येक खाचराच्या उताराच्या अंगाला बांध असतो आणि बांधाला पाणी सोडण्यासाठी एक तोंड ठेवलेलं असतं. वरचं खाचर पुरेसं भरलं की ते तोंड मोकळं करायचं, म्हणजे पाणी खालच्या खाचरात उतरतं. ओढ्याच्या घळीत दगड रचून आडवी ताल घालतात. पाण्याबरोबर आलेली माती तिच्यामागे साठत जाते आणि काही पावसाळ्यांनंतर तिथे भात लावण्याजोगा सपाट तुकडा तयार होतो. वरकस जमिनीवर नाचणी-वरी आणि खाली खाचरात भात, अशी ही वाटणी. मुळशीच्या ज्या आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो अशाच खाचरांत पिकत आला.

पुरातत्त्वाच्या नजरेने पाहिलं तर इथली मातीच माणसाने घडवलेली वस्तू आहे. दरवर्षी चिखलणी केल्यामुळे नांगराच्या खाली एक घट्ट, पाणी न झिरपू देणारा थर तयार होतो. खाचर काही महिने पाण्याखाली आणि उरलेले महिने कोरडं राहतं, त्यामुळे मातीतलं लोह विरघळतं, पुन्हा साचतं आणि तांबूस-पिवळे ठिपके उमटवतं. भाताच्या पात्यात आणि तुसात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. पाती कुजतात, कण हजारो वर्षं तसेच राहतात. घट्ट थर, लोहाचे ठिपके आणि सिलिकेचे कण हे तिन्ही एकत्र मिळाले, की त्या जागी कधीकाळी भातखाचर होतं असं म्हणायला आधार मिळतो. जपानमध्ये फुकुओका शहरातल्या इताझुके इथे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली भातखाचरं, त्यांचे बांध आणि पाणी वळवण्याची सोय अशाच बारकाईने उत्खनन करून उलगडली गेली.

बांधाचं वय मात्र वरचे दगड बघून ठरत नाही. बांध दरवर्षी कुठे ना कुठे ढासळतो आणि दरवर्षी दुरुस्त होतो. वरचा दगड गेल्या पावसाळ्यातला आणि तळचा दहा पिढ्यांपूर्वीचा, असं एकाच बांधात असू शकतं. वय शोधायचं तर बांधाच्या बुडाखाली जावं लागतं. ज्या मातीवर पहिला दगड ठेवला, तिला त्यानंतर ऊन लागलेलं नसतं. मातीतल्या क्वार्ट्झच्या कणाला शेवटचा सूर्यप्रकाश कधी मिळाला, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. ही प्रकाशीय कालमापनाची पद्धत मध्य प्रदेशात सांचीच्या परिसरातल्या प्राचीन बंधाऱ्यांसाठी वापरली गेली. ते बंधारे बौद्ध स्तूपांच्या काळाइतके जुने, म्हणजे ख्रिस्तपूर्व शतकांतले, मानले जातात.

घोडनदीच्या काठी

कोरड्या बाजूला मात्र पाट लागतो, आणि तो सापडलेलाही आहे. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात इथल्या पांढरीच्या टेकाडांवर उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. 1988 साली त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. इ. स. पू. सुमारे 1600 ते 700 अशी नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव तिथे उजेडात आलं. शंभराहून जास्त घरं, चुली, धान्याची पेवं, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं असं या गावाचं जगणं थरांमागून थर दिसत गेलं.

या वसाहतीचा मधला काळ इ. स. पू. 1400 ते 1000 हा, पुरातत्त्वाच्या भाषेत पूर्व-जोर्वे काळ. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950-51 साली या संस्कृतीची तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली भांडी प्रथम ओळखली गेली, म्हणून हे नाव. इनामगावचा हा भरभराटीचा काळ होता. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. याच काळातला एक लांबलचक चर आणि त्याच्या बाजूने दगडगोटे व चिखलाचा बांध उत्खननात मिळाला. चर सुमारे 4 मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल होता. नदीला पूर आला की पाणी या चरात शिरावं आणि शेताच्या बाजूला नेता यावं, अशी ती रचना होती असा उत्खननकर्त्यांनी अर्थ लावला. बांधामुळे वस्तीचं पुरापासून रक्षणही होत असणार.

या आकड्यांचा थोडा हिशेब केला तर त्यामागचे कष्ट डोळ्यांपुढे येतात. चराच्या बाजू उतरत्या धरल्या तर 100 मीटर लांबीमागे किमान 700 घनमीटर माती काढावी लागते. बाजू सरळ धरल्या तर 1400 घनमीटर. एका माणसाने दिवसाला एक घनमीटर काढली असं मानलं, तरी प्रत्येक 100 मीटरला 700 ते 1400 माणशी दिवस झाले. हे सगळं लाकडी खणत्यांनी, दगडी अवजारांनी आणि पाट्यांनी, कारण लोखंड अजून आलेलं नव्हतं आणि तांबं अशा कामाला परवडणारं नव्हतं. एका कुटुंबाला हे झेपणारं नाही. गावाने मिळून करायचं काम आहे, आणि करून झाल्यावर त्याचा फायदा कोणाला किती हे ठरवायचंही काम आहे.

याच काळात इनामगावात एक पाच खोल्यांचं मोठं घर मिळतं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं घर असावं असा तर्क आहे. पाट, कोठार आणि गावप्रमुख या तीन गोष्टी एका काळात एकत्र दिसतात, याला महत्त्व आहे. पाण्यासाठी माणसं एकत्र आणणारा आणि पिकलेल्यातून गावाचा वाटा साठवणारा कोणीतरी तिथे होता.

इ. स. पू. 1000च्या सुमाराला हवामान कोरडं होत गेल्याच्या खुणा मिळतात. इनामगावची मोठी चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. गहू मागे पडतो, शिकारीचं प्रमाण वाढतं. पुरावर चालणाऱ्या पाटाची मर्यादा इथे ध्यानात येते. नदीची पातळी चराच्या तोंडापर्यंत चढली तरच पाणी आत शिरणार. घाटमाथ्यावर सलग काही वर्षं पाऊस कमी झाला, की पन्नास कोसांवरचा चर कोरडा राहतो, मग तो कितीही नीट खणलेला असो.

पाट की ओघळ?

जमिनीत पुरलेला लांब खड्डा दिसला म्हणून तो पाट ठरत नाही. तो जुन्या ओढ्याचा मार्ग असू शकतो, गावाभोवतीचा खंदक असू शकतो किंवा गाडीवाट खचून झालेली घळ असू शकते. फरक ओळखायच्या काही कसोट्या आहेत आणि त्यांतल्या काही साध्या डोळ्यांनी लावता येतात.

पहिली कसोटी उताराची. ओढा मिळेल त्या सरळ उताराने खाली धावतो. पाट उताराला आडवा, जवळजवळ समपातळीवर चालतो, कारण त्याला पाणी शक्य तितक्या उंचीवर ठेवायचं असतं. त्याला उतार असतो, पण किलोमीटरला मीटर-दोन मीटर एवढाच. जास्त दिला तर पाणी काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून एखादी रेषा ओघळी ओलांडत, टेकडीच्या कुशीला वळसे घालत जात असेल, तर ती माणसाने आखलेली असण्याचा संभव मोठा.

दुसरी कसोटी छेदाची. रेषेला आडवा खड्डा घेतला की मातीत पाटाचा आकार वेगळ्या रंगात दिसतो. तळाशी जाड वाळू, वर बारीक रेती, त्याहून वर पोयट्याचे पातळ थर. वाहतं पाणी मंदावत गेल्याची ही नोंद असते. गोगलगाई आणि शिंपल्यांचे अवशेष मिळाले तर पाणी किती काळ साचून राहत होतं हेही समजतं.

तिसरी कसोटी बाजूच्या मातीची. पाटात दरवर्षी गाळ भरतो आणि दरवर्षी तो उपसून काठावर टाकावा लागतो. त्यामुळे वापरातल्या पाटाच्या दोन्ही अंगांना उपशाचे लांबट उंचवटे तयार होतात. त्यांत त्या त्या काळातली फुटकी खापरं सापडतात आणि पाट कोणत्या काळात चालू होता याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. पाटाचा तळ सतत साफ होत असल्याने त्यात उरतो तो शेवटच्या काही वर्षांचा गाळ. पहिल्या दिवसांची आठवण काठावरच्या मातीत असते.

महाराष्ट्रात एक वेगळीच अडचण आहे, ती काळ्या मातीची. ही माती उन्हाळ्यात तडकते, हातभर खोल भेगा पडतात. वरची खापरं त्या भेगांत खाली जातात आणि पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात. शेकडो वर्षं हे चाललं की वरचं खाली आणि खालचं वर होतं. पाटाची कड पुसट होते, थर मिसळतात. भीमा खोऱ्याच्या पूर्व भागात जिथे पाटांची गरज सर्वांत जास्त होती, तिथेच त्यांची खूण टिकायला माती सर्वांत वाईट.

अशा वेळी आकाशातून पाहण्याचा उपयोग होतो. बुजलेल्या पाटातली माती बाजूच्या जमिनीपेक्षा जास्त ओल धरते. त्या पट्ट्यातलं पीक थोडं उंच आणि जास्त दिवस हिरवं राहतं. जमिनीवर उभं राहून हे जाणवत नाही, वरून मात्र सरळ पट्टा उमटतो. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी 1960च्या दशकात टिपलेली छायाचित्रं 1995 साली खुली झाली. मोठी धरणं, सपाटीकरण आणि शहरांची वाढ होण्याआधीची जमीन त्यांत दिसते. पश्चिम आशियातले शेकडो किलोमीटर लांबीचे प्राचीन कालवे अभ्यासकांनी अशा चित्रांवरून शोधले. दख्खनसाठीही ती उपयोगी आहेत, कारण आज जिथे जलाशय किंवा वसाहती आहेत तिथली शिवारं त्यांत जशीच्या तशी आहेत.

दगडात टिकलेलं, मातीत गेलेलं

महाराष्ट्रातल्या जुन्या पाणीव्यवस्थांची नावं घ्यायला सांगितली तर बहुतेक जण शहरांची नावं घेतील. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर, पुण्यात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे आलेला पेशवेकालीन नळ, साताऱ्याजवळ लिंब इथली बारा मोटांची विहीर. हे सगळं दगड-चुन्यात आहे, म्हणून टिकलं. त्यांचे कर्ते सत्ताधारी होते, म्हणून नोंदलं गेलं. शेतातला पाट मातीचा, कर्ता गाव. दोन्ही कारणांनी तो मागे पडला.

तरी लेखांत त्याचे उल्लेख येतात. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात कलिंगाचा राजा खारवेल नंद राजाने काढलेला कालवा आपण वाढवून राजधानीपर्यंत आणल्याचं सांगतो. जुनागढच्या खडकावर इ. स. 150 साली रुद्रदामनाने कोरवलेल्या लेखात सुदर्शन तलावाची पूर्ण कुळकथा आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने तो बांधला, अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला पाट काढले, वादळी पावसात बांध फुटला आणि सुविशाखाने तो पुन्हा उभारला. तीनशे वर्षांनंतर स्कंदगुप्ताच्या काळात पुन्हा फुटला, पुन्हा दुरुस्त झाला. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. त्यात भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून दिल्याचा उल्लेख आहे. त्या श्रेणींत कुंभार आणि तेली आहेत, तसे ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रं करणारेही आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात गोदावरीकाठी या कारागिरांची संघटना एवढी भक्कम होती, की लोक तिच्याकडे कायमची ठेव ठेवत होते.

जगातही पाटांचा शोध अजून संपलेला नाही. पेरू देशात अँडीजच्या पायथ्याशी सान्या खोऱ्यात सापडलेले छोटे पाट किमान 5400 वर्षं जुने निघाले. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथल्या होहोकाम लोकांनी वाळवंटात शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे काढले होते, पुढे ते ओस पडले. 1867 नंतर नव्याने वसायला आलेल्यांनी शेतीसाठी कालवे काढले, तेव्हा त्यांतले कित्येक त्या जुन्या रेषांवरूनच गेले. पाण्याला न्यायची चांगली वाट एकच असते आणि ती कोणीतरी आधीच शोधून ठेवलेली असते.

उत्तर प्रदेशात शृंगवेरपूर इथे ब. ब. लाल यांनी खणलेला ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला तलाव इनामगावच्या जवळचा वाटतो. गंगेला पूर आला की चरातून पाणी आधी गाळ बसवण्याच्या कुंडात आणि मग निवळून मुख्य तलावात जाई. तिथली बांधणी विटांची आहे आणि इनामगावच्या चरानंतर हजार वर्षांनी झालेली आहे. युक्ती तीच, लांबून आलेला पूर चार दिवस तरी आपल्याकडे थांबवून घ्यायचा.

पाटाबरोबर येणारा करार

सापडलेला चर पाण्याचा मार्ग सांगतो. पाणी कोणी आधी घ्यायचं, कोणी नंतर, गाळ कोणी काढायचा, हे तो सांगत नाही. त्यासाठी चालत्या पाटांकडे जावं लागतं. आपल्या सुदैवाने असे पाट महाराष्ट्रात आहेत. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर तीन-चारशे वर्षं चालत आलेली फड पद्धत हे त्यांचं उत्तम उदाहरण.

नदीत आडवा बंधारा घालून पाणी कालव्यात वळवायचं, कालव्यातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून सारंगांनी शेतात. जास्तीचं पाणी पुन्हा नदीला. इथपर्यंतचं स्थापत्य कुठल्याही पाटाचं असतं. फडाचं वेगळेपण जमिनीच्या मांडणीत आहे. बंधाऱ्याखालची सगळी जमीन मोठमोठ्या फडांत विभागलेली असते आणि एका फडात एका हंगामात एकच प्रकारचं पीक घेतलं जातं. कोणत्या फडाला ऊस, कोणत्याला धान्य आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवतं. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत तुकड्यांनी असते. त्यामुळे एखाद्या वर्षी पाणी कमी म्हणून एक फड सोडावा लागला, तरी त्याचा फटका एका घराला न बसता सगळ्यांना थोडा थोडा बसतो.

देखरेखीला गावाची माणसं असतात. पाटकरी पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो, हवालदार दोघांवर नजर ठेवतो. पाणी आपल्या शेताकडे कधी वळायचं हे शेतकरी स्वतः ठरवत नाही, पाटकरी क्रमाने देत जातो. पावसाळ्याआधी पाटाची सफाई, बंधाऱ्याची डागडुजी ही कामं सगळ्यांनी हात लावून करायची.

इनामगावला नेमकी हीच व्यवस्था होती असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण चार मीटर रुंदीचा चर वर्षानुवर्षे गाळमुक्त ठेवायचा तर असलं काहीतरी तिथेही ठरवावंच लागलं असणार. पाट खणणं हे एकदाचं काम, पाट चालू ठेवणं दरवर्षीचं. पाट बंद पडतो तो दर वेळी पाणी संपल्यामुळेच असं नाही, सफाईला यायची माणसं थांबली तरी तो बंद पडतो. म्हणून गाळाने गच्च भरलेला चर उत्खननात मिळतो, तेव्हा वरच्या थरातला तो गाळ एक करार मोडल्याचीही नोंद असू शकतो.

असे करार कागदावरही उतरले आहेत. इंग्रज अमदानीत पुणे जिल्ह्यात आधी प्रिंगल यांची आणि नंतर 1836 पासून इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीन पाहणी झाली. महसुलाच्या कागदांत जिरायत आणि बागायत असा फरक येतो. बागायतीतही पाटाच्या पाण्यावरची ती पाटस्थळ आणि विहिरीच्या मोटेवरची ती मोटस्थळ. एखाद्या गावच्या जुन्या कागदात पाटस्थळ जमिनीची नोंद असेल आणि आज तिथे पाट दिसत नसेल, तर तो कुठल्या शिवारात शोधायचा हे कळलंच. पुरातत्त्वज्ञाच्या फावड्याइतकीच तलाठ्याच्या दप्तराची या कामात गरज असते.

पाणी पश्चिमेला

एकोणिसाव्या शतकात घाटमाथ्याचं पाणी कोरड्या भागात न्यायचा प्रयत्न पुन्हा झाला, आता सरकारी बळावर. मुठा नदीवर खडकवासल्याला दगडी धरण 1879 साली पुरं झालं आणि त्याचा उजवा कालवा पुण्यातून पूर्वेला हवेली-दौंडच्या दिशेने निघाला. आकार हजार पटींनी मोठा, दिशा मात्र इनामगावच्या शेतकऱ्यांनी निवडलेलीच: सह्याद्रीकडून भीमेकडे.

मुळशीत याच्या उलट घडलं. मुळा-नीला संगमाजवळ टाटांच्या वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचं ठरलं. त्यात भातखाचरांनी भरलेली पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली 1921 साली रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि 1924 पर्यंत चालला. धरण झालंच. मुळशीच्या जलाशयातलं पाणी घाटाखाली सुमारे 500 मीटर उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि तिथून कुंडलिकेला मिळून अरबी समुद्राला. जे पाणी आपल्या उताराने पौडवरून भीमेकडे गेलं असतं, त्यातला मोठा भाग पश्चिमेला वळला. कोणत्याही उत्खननाशिवाय हा बदल आपल्याला माहीत आहे, कारण तो कागदांत आणि लोकांच्या आठवणीत आहे. पण त्या जलाशयाखाली गेलेली खाचरं, ताली आणि बांध यांची पुरातत्त्वीय नोंद करायची वेळ मात्र निघून गेली.

जेसीबीच्या आधी

पौड परिसरात उरलेल्या खाचरांना आता धोका आहे तो पाण्यापेक्षा सपाटीकरणाचा. पुण्याची वाढ पौड रस्त्याने पश्चिमेला सरकते आहे. खाचरांचे प्लॉट होतात, फार्महाऊससाठी उतार कापले जातात, ताल फोडून तिचे दगड कुंपणाला लागतात. जे उभं करायला पिढ्या लागल्या ते काढायला जेसीबीला एक दिवस पुरतो. अशा बांधांना वारसास्थळाचं संरक्षण नसतं. मंदिर, किल्ला, लेणी यांना मिळतं तसं लक्ष शेताच्या बांधाकडे जात नाही.

सगळे बांध जपता येणार नाहीत आणि जमीनमालकाने घर बांधू नये असंही कोणी म्हणणार नाही. नोंद करणं मात्र शक्य आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. मोबाईलवर बांधाची जागा, लांबी, उंची आणि छायाचित्र नोंदवता येतं. बांधाचा छेद कुठे उघडा पडला असेल तर त्याचं मोजपट्टी लावून छायाचित्र घ्यावं, थर त्यात स्पष्ट दिसतात. सातबारा आणि जुन्या पाहणीच्या नकाशात त्या गटाची ओलिताची नोंद बघावी. त्या शिवाराला जुनी माणसं काय म्हणतात हे लिहून ठेवावं, आणि सर्वांत महत्त्वाचं, पाण्याची पाळी कशी चालायची ते विचारून घ्यावं: वरच्या खाचराने तोंड कधी सोडायचं, भांडण झालं तर निकाल कोणी द्यायचा, ताल फुटली तर दगड कोणी वाहायचे. ही माहिती सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे आहे आणि ती कोणत्याही थरात सापडणार नाही.

पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, भूगोल आणि पर्यावरण शिकवणारी महाविद्यालयं आहेत, खुद्द पौडच्या आसपास शाळा आहेत. एका शाळेतल्या मुलांनी आपल्या गावच्या एका ओढ्यावरच्या सगळ्या ताली नकाशावर मांडल्या, तर तो दस्तऐवज पुढच्या संशोधकाला फार मोलाचा ठरेल. इनामगावचा चर खणणाऱ्यांनी पाण्याची पाळी कशी लावली होती हे विचारायला आज कोणी नाही. मुळशीतल्या खाचरांबद्दल विचारायला माणसं अजून आहेत, आणि हा प्रश्न यंदाच्या लावणीआधीही विचारता येईल.